अठ्ठ्याहत्तर पत्ते

भोर
९ जून २०२४

प्रिय आत्या,

जयभीम.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. मागच्या महिन्यात मी ‘बरी आहे’ म्हणाले, तू ‘घरी आहे’ ऐकलंस, आणि शाळेतली माझी नोकरी गेली असं समजून तुझ्या आकाशला टेम्पो घेऊन माझं सामान आणायला पाठवलंस. तो बिचारा दारात दोर घेऊन उभा. तेव्हा यापुढे जे काही सांगायचं ते कागदावर.

नोकरी आहे. शाळा पंधरा तारखेला उघडते, आणि पाचवी ते दहावीची चित्रकला अजून माझ्याच गळ्यात आहे. सुट्टीत मी एक काम हाती घेतलंय आणि ते तुझ्याशिवाय होणार नाही. मी पत्ते काढतेय. एकूण अठ्ठ्याहत्तर काढायचेत. त्यातले बावीस महत्त्वाचे, बाकीचे छप्पन्न लहान. माझी मैत्रीण मैथिली, आमच्या शाळेत मराठी शिकवते ती, तिच्याकडे अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर आहेत, पण सगळे परदेशातले. त्यांत आपलं एकही माणूस नाही. मला आपल्या माणसांचे हवेत, धरणात गेलेल्या आपल्या वाडीतले.

वाडी उठली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की कुणीतरी मला टोपलीत बसवलं होतं आणि टोपलीत आधीच एक मांजर होतं. बाकी सगळं तुझ्याकडे आहे. कोण कसं होतं, कुणी काय केलं, ते जसं आठवेल तसं लिही. मी एकेकाचा पत्ता काढत जाईन.

कशासाठी ते नंतर सांगते. तू रागावशील अशी भीती वाटते.

तुझी,
संजीवनी


वसाहत, शिवरे
२१ जून २०२४

चि. संजूस आत्याचा जयभीम.

तुझं पत्र दारात बसून वाचलं आणि तिथंच रडायला लागले. शेजारीण धावत आली, ‘काय झालं वो, कोन गेलं?’ म्हणाली. म्हटलं, ‘कुनी गेलं न्हाई गं, कुनीतरी इचारलं.’

चोवीस वर्षं झाली. आमची माणसं कुठं कुठं फेकली गेली, हे मला एवढ्या वर्षांत एकानंही विचारलं नाही. आकाशला सांगायला जावं तर तो मोबाईलमधून मान वर न काढता ‘हूं’ म्हणतो. आणि तू अठ्ठ्याहत्तर पत्ते काढायला बसलीस! पोरी, आपल्या वाडीत घरंच एकेचाळीस होती. पण नांदायला गेलेल्या लेकी धरल्या तर भरतील. मी रागावेन कशाला? तू मेळावा भरवणार आहेस, हे मला पहिल्या चार ओळींतच कळलं. आमटी माझ्याकडं लागली.

आता लिहून घे.

गेनबा भोंगवलीला असतो. एसटीतून उतरून शाळेच्या मागं तिसरं घर, दारात कडुनिंब. नुसतं गेनबा विचारू नकोस, तिथं तीन गेनबा आहेत, ‘कोंबड्याचा गेनबा’ विचार. पाणी चढायला लागलं तेव्हा शेवटच्या टेम्पोत आम्ही सगळे बसलो होतो. शेजारच्या म्हातारीचा कोंबडा राहिला म्हणून हा उडी मारून मागं पळाला आणि गळ्याएवढ्या पाण्यातून कोंबडा डोक्यावर घेऊन आला. म्हातारीनं बघितलं आणि म्हणाली, ‘ह्यो माजा न्हाई.’ त्या दिवशी सगळ्यांच्या छातीवर दगड होता, पण त्या एका वाक्यानं टेम्पो हसला. गेनबाला माझा नमस्कार सांग.

कोंडिबाचा पत्ता सोपा. गुंजवण्याला जायचं आणि रस्ता संपला की चालत राहायचं. तो वसाहतीत आलाच नाही, पाण्याच्या वर झोपडी बांधून राहिला. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की घरांची जोती उघडी पडतात. हा जाऊन जोती झाडून येतो. आपलंही झाडतो, असं ऐकलंय.

कुंडलिक नसरापूरला लेकाकडं. बंडू इथंच, माझ्या मागच्या गल्लीत. त्यानं वाडीतल्या विहारामागचं पिंपळाचं रोप तेलाच्या डब्यात घालून आणलं होतं, त्याची सावली आता माझ्या ओट्यापर्यंत येते.

नलूताई वाडीतली नाही, पण तिला सोडून यादी होत नाही. भोरातच आहे, पोस्टाच्या मागच्या गल्लीत, तुझ्यापासून दहा मिनिटांवर, आणि तू कधी गेली नसशील. वसाहतीत साक्षरतेचा वर्ग होता तेव्हा ती भोरवरून एसटीनं यायची. मला ‘म’ काढता येईना. तिनं माझा हात धरून गिरवला आणि म्हणाली, ‘मायाबाई, दोनच अक्षरं. तुमच्या आईवडलांनी तुमचं काम सोपं केलंय.’ हे पत्र मी लिहितेय ते तिच्यामुळं.

आणि एक पत्ता माझ्याकडं नाही. सखूबाईचा. उंबऱ्याला उंबरा लागून आमची घरं. वसाहतीत दोन वर्षं राहिली आणि वेल्ह्याकडं भाचीकडं निघून गेली, कुठल्या वाडीत ते कुणाला ठाऊक नाही. आता पंच्याऐंशीच्या आसपास असेल. तिचे आभार मानायचे राहिलेत, संजू. ती असेपर्यंत मला तिच्यासमोर बसून ते मानायचेत. बाकीचे सत्त्याहत्तर राहिले तरी चालतील, एवढा एक पत्ता काढ.

तुझी आत्या,
माया


भोर
३० जून २०२४

प्रिय आत्या,

जयभीम. आधी बस. पाणी पी.

पत्ते म्हणजे तू समजलीस ते पत्ते नव्हेत गं. पत्ते म्हणजे खेळायचे असतात तसे, चित्रांचे. मी ते ‘काढतेय’ म्हणजे रंगवतेय. तुझं पत्र वाचताना पहिल्या पानावर मी हसले, दुसऱ्यावर रडले, आणि मग तीन दिवस हे कसं कळवायचं याचा विचार करत बसले. चूक माझीच. मी मुद्दाम अर्धवट लिहिलं होतं. का, ते आता सांगते.

त्या पत्त्यांना टॅरो म्हणतात. लोक त्यावरून भविष्य बघतात. वाचलंस? आता ओरडून घे. तू वसाहतीतून पोपटवाल्याला हाकलून लावलं होतंस ते मला आठवतंय. मी लहान होते, मला तो पोपट हवा होता.

पण माझं ऐक. आई गेली त्यानंतरचे सहा महिने तू पाहिलेस. मी शाळेत शिकवत होते आणि घरी आल्यावर भिंतीकडे बघत होते. कुणी आईचं नाव काढलं की उठून जायचे. एका रविवारी मैथिली आली, काही विचारलं नाही, पत्ते मांडले आणि म्हणाली, यातलं एक चित्र उचल, आवडलेलं नको, डोळ्यांत खुपणारं उचल. मी उचललं त्यात एक बाई तळ्याकाठी गुडघा टेकून दोन घागरींतलं पाणी ओतत होती. मी म्हणाले, माझ्या आईनं असं पाणी ओतलं नसतं, वाया गेलं असतं. आणि त्यानंतर तीन तास मी आईबद्दल बोलत होते. भविष्य वगैरे काही निघालं नाही. आई निघाली.

म्हणून मला माझे पत्ते हवेत. त्या पत्त्यांत बुरूज, राजे, घोड्यावरचा सांगाडा असं सगळं आहे. छप्पन्न लहान पत्त्यांत तलवारी, पेले, नाणी आणि दांडकी येतात. मी त्यांचे विळे, तांबे, सुपं आणि काठ्या केल्यात. विळ्याच्या तीनचं चित्र झालंय: भात कापून झालेलं शेत आणि बांधावर तीन विळे, माणसं जेवायला गेलीत. ते बघून माझं मलाच पोटभर वाटलं. मोठ्या बावीसमध्ये पहिला असतो वेडा, कड्याच्या टोकावर चाललेला. तुझ्या पत्रानंतर मी तो खोडून गेनबा काढला, डोक्यावर कोंबडा. कंदील घेतलेला एकांतातला म्हातारा असतो, तो कोंडिबा होईल, पण त्याच्या हातात कंदिलाऐवजी केरसुणी.

दहावा पत्ता नशिबाचा. मूळ चित्रात एक चाक असतं, काहीजण वर चढताहेत, काही खाली पडताहेत. मला तिथे वसाहतीतले प्लॉट वाटताना काढलेली तुमची चिठ्ठी रंगवायचीय. तुला पाण्याजवळचा प्लॉट चिठ्ठीतच निघाला ना? एक मडकं, त्यातून चिठ्ठी घेऊन वर येणारा हात, खाली नाव ‘नशीब’. कसं वाटतंय?

मेळावा भरवत नाहीये, माफ कर. पण सखूबाईंना शोधणार. ते मी कबूल केलं असं समज.

तुझी,
संजीवनी


वसाहत, शिवरे
१४ जुलै २०२४

चि. संजूस,

पोपट घेतलास का? नसेल तर घे. भोरच्या एसटी स्टँडवर बस, बोर्ड लाव, मी गिऱ्हाईक आणते.

दोन आठवडे मी मुद्दाम लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात राग होता. ज्या घरातून आम्ही अंगारे, गंडेदोरे सगळं बाहेर काढलं, त्या घरातली शिकलेली पोर पत्ते मांडून बसली, याचा. दुसऱ्या आठवड्यात बंडूला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘आय आठवली म्हनती ना पोर? मग आसू द्या की.’ वहिनी गेल्यावर तू तोंड उघडलंस ते त्या बाईच्या घागरींमुळं, हे मला माहीत नव्हतं. तुझ्या त्या मैथिलीला माझ्याकडं एकदा जेवायला घेऊन ये. आणि केरसुणीवाला कोंडिबा मला बघायचाय.

पण दहावा पत्ता तसा काढायचा नाही. ‘नशीब’ हा शब्द माझ्या नावाजवळ लिहायचा नाही. का ते आजवर कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते.

चिठ्ठ्यांचा दिवस. तुझे मामा, आकाशचे वडील, जाऊन दोन वर्षं झाली होती. आकाश दोन वर्षांचा, तापानं फणफणलेला, माझ्या खांद्यावर. मंडपात रांग. मडक्यातून मी एक चिठ्ठी उचलली, माझ्यामागं सखूबाईनं एक उचलली. वाचता मलाही येत नव्हतं आणि तिलाही नाही. पोराला उलटी झाली तशी मी बाजूला बसले. सखूबाई म्हणाली, दे हिकडं, म्या नोंद करून येते, आणि माझी चिठ्ठी घेऊन टेबलाकडं गेली. परत आली आणि म्हणाली, ‘तुजा सात लंबर, हापशाच्या शेजारी. माजा एकतीस, वर खडकावर.’

मला इतका आनंद झाला की मी भान विसरले. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘सखूबाई, माज्या नशिबात पानी हाय आन् तुमच्या नशिबात खडक!’ आणि मोठ्यानं हसले. ती पण हसली.

दोन वर्षं ती त्या खडकावरून खाली माझ्या दारातल्या हापशावर पाण्याला यायची. रोज माझ्या ओट्यावरून हंडा घेऊन चढ चढायची. ते जमेना तेव्हा गेली भाचीकडं. मी निरोपाला चहा केला आणि मनात म्हटलं, बिचारीचं नशीबच तसलं.

आठ वर्षांपूर्वी कुंडलिक आपल्या लेकाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला होता, तेव्हा बोलता बोलता म्हणाला, ‘तुमाला म्हाईत न्हाई व्हय? सखूबाईनं चांगली चिट्ठी तुमच्या नावावर लावली. म्या टेबलापाशीच हुबा व्हतो.’ तिनं बदलली, संजू. सात नंबर तिचा होता. या घरात मी चोवीस वर्षं राहतेय, परसातल्या भाजीवर पोरगा वाढवला, आणि ज्या बाईनं ते दिलं तिच्या तोंडावर मी तिच्या नशिबाला हसले होते. हे कळल्यापासून हापशाचा दांडा धरला की ते माझं हसू मला ऐकू येतं. कान गेलेत, तरी ते ऐकू येतं. म्हणून मला तिला भेटायचंय.

तर दहाव्या पत्त्यावर मडकं नको. तिचा हात काढ. तोंड मला नीट आठवत नाही, हात आठवतो. डावा. अंगठ्याच्या बुडाचं हाड वर आलेलं, लहानपणी बैलगाडीखाली गेला होता. मनगटावर गोंदलेला विंचू, त्याची नांगी जराशी पुसट. नवरा निघून गेला होता, मेल्याची खबर कधी आली नाही, म्हणून ती हिरव्या बांगड्या घालतच राहिली. मूठ मिटलेली काढ.

तुझी आत्या,
माया


भोर
८ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,

जयभीम.

सखूबाई भेटल्या. हे आधी लिहिते, म्हणजे तू बाकीचं नीट वाचशील.

हात काढायला मला पाच आठवडे लागले. चार कागद फाडले. हाडाचा उंचवटा काढला की मूठ रागावलेली दिसायची, आणि तो मऊ केला की हात तुझा वाटायचा. शेवटी नलूताईंकडे गेले, हो, दहा मिनिटांवरच राहतात, आणि त्यांना म्हटलं, जरा मूठ मिटून बसाल? चष्मा काढून, पदर नीट करून बसल्या, जसा काही फोटोच काढायचाय. ‘मायाबाई अजून ‘या’ला काना देताना रेघ लांब ओढतात का?’ असं विचारत होत्या. मी तुझं पत्र दाखवलं. ओढतेस.

मग दर रविवारी एसटीनं वेल्ह्याला. चेलाडीला गाडी बदलायची, मार्गासनीपर्यंत उभं, पुढे बसायला जागा. तिथे सखूबाई विचारलं की लोक म्हणायचे, कुठल्या सखूबाई? आडनाव, वाडी, काहीच सांगता येईना. तिसऱ्या रविवारी बाजारात एका कासारणीच्या पाटीशेजारी पाऊस थांबायची वाट बघत उभी होते. पिशवी भिजली म्हणून हाताचा पत्ता काढून छातीशी धरला होता. तिनं सहज बघितलं आणि माझ्या हातातून ओढूनच घेतला. म्हणाली, ‘तोंड म्हाईत न्हाई मला, पर ह्यो हात म्या भरलाय. ह्या हाडावरनं बांगडी जाताना चार फुटत्यात तवा एक चढती. म्हातारी मलाच म्हनती, फुटू दे, तुजा दोष न्हाई.’ वाडीही तिनंच सांगितली. वेल्ह्यापासून पुढे तासभर चाल आहे, पण टेम्पो जातो.

भाचीच्या घरी ओसरीवर बसल्या होत्या. डोळ्यांना धूसर दिसतं, ऐकू मात्र चांगलं येतं. मी म्हटलं, मायाची भाची. ‘कोन माया?’ म्हणाल्या. मग आपणच, ‘आकाशची आय? पोराचा ताप उतरला का?’ आत्या, आकाश सव्वीस वर्षांचा आहे आणि परवाच त्याचा टेम्पो पासिंगला नेला होता. मी म्हटलं, उतरला. त्यांना इतकं बरं वाटलं.

चिठ्ठीचं मी एक अक्षर बोलले नाही. ते तुझं आहे. फक्त एवढंच, की भाची सांगत होती, श्रावणात छातीत कफ झाला होता, आठ दिवस काही खरं नव्हतं. तू थंडी पडायची वाट बघू नकोस.

तुझी,
संजीवनी


वसाहत, शिवरे
१५ सप्टेंबर २०२४

चि. संजूस,

तुझे उपकार कसे फेडू?

पण मी येत नाही. गुडघा दुखतोय. भुईमूग काढायचाय. आकाशला सवड नाही.

हे सगळं खोटं आहे. भुईमूग मागच्याच आठवड्यात काढला. मला भीती वाटते. तिला माझं ते वाक्य आठवत असेल तर मी तिच्यासमोर कशी बसू? आणि आठवत नसेल, तर पंच्याऐंशीच्या बाईला जाऊन मी तिच्या खडकाची आठवण का करून देऊ? आठ वर्षं मी तिला शोधलं नाही ते पत्ता नव्हता म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. तू पत्ता दिलास आणि माझं ढोंग उघडं पडलं. तूच माझ्या वतीनं तिचे आभार मान. तुला बोलता येतं.

माया


भोर
१९ सप्टेंबर २०२४

आत्या,

मला नाही येत. मी प्रयत्न केला होता, तुला सांगितलं नाही. निघताना त्यांना म्हटलं, ‘आत्या तुमची फार आठवण काढते.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग यायला काय झालं तिला?’ 

आकाशला फोन केला. त्याला सवड आहे. रविवारी सकाळी तो टेम्पो काढतोय, तू पुढे बस, मी चेलाडीला चढते. गुडघ्याखाली उशी घे.

संजीवनी


वसाहत, शिवरे
२९ सप्टेंबर २०२४

चि. संजू,

तू आकाशबरोबर टेम्पोत थांबलीस ते शहाणपणाचं केलंस. आत काय झालं ते तू वाटेत चारदा विचारलंस आणि मला ऐकू येत नाही असं मी दाखवलं. ऐकू येत होतं. बोलले असते तर रडले असते आणि आकाशनं गाडी थांबवली असती. आता आठ दिवस झाले, लिहिते.

मी पाया पडले. तिनं माझं तोंड चाचपून बघितलं आणि म्हणाली, ‘वाळली गं.’ भाचीनं भाकरी आणि वालाची उसळ वाढली. जेवताना बोलू नये म्हणून मी गप्प, आणि जेवण झाल्यावर काय बोलायचं ते विसरले म्हणून गप्प. टेम्पोत बसून सगळं पाठ केलं होतं. शेवटी पाठ केलेलं राहिलं बाजूला आणि मी एकदम म्हणाले, ‘सखूबाई, सात लंबर तुमचा व्हता. तुमी चिट्ठी बदलली.’

‘कुनी सांगितलं?’

‘कुंडलिकनं.’

‘त्याला काय कळतंय,’ म्हणाली. ‘बदलाया कुठली कुनाची ती ठावं तर पायजे! दोनी चिठ्ठ्या येका मुठीत. टेबलापातुर जाईस्तवर माजी कुठली आन् तुजी कुठली, माजं मलाच कळंना. टेबलावरच्या भाऊसायबानं उघडून वाचलं, ह्यो सात, हापशापाशी. ह्यो एकतीस, खडकावर. आन् मला इचारलं, ह्यातली मायाची कुठली?’

‘मग?’

‘मग काय. म्या म्हनलं, जी चांगली आसंल ती.’

संजू, मी सोळा वर्षं म्हणत आले की नशिबानं दिलं. मग आठ वर्षं म्हटलं की तिनं आपलं काढून दिलं. आणि तिला तर ते आपलं की माझं हेसुद्धा माहीत नव्हतं. कदाचित सात नंबर खरंच माझा असेल. कुणाला कधीच कळणार नाही. तिच्यासमोर दोन कागद होते आणि तिनं न बघता सांगितलं. हे ऐकून देणारीची किंमत कमी होईल असं मला वाटलं, ती तर उलट वाढलीच.

मग मी ते दुसरं काढलं. ते काढायचं नाही असं ठरवून गेले होते, पण तोंडातून आलंच. म्हटलं, ‘त्या दिशी म्या तुमच्या नशिबाला हसले. सगळ्यांम्होरं. त्येची माफी मागाया आलेय.’

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटलं, विसरली असेल. मग म्हणाली, ‘व्हय. हसलीवतीस. मोट्यानं. मालक गेल्यापास्नं दोन वरसं तुजा दात कुनी बघितला न्हवता. पोरगी आता येडी हुती का काय, आसं आमी बाया बोलायचो. तू हसलीस आन् म्या म्हनलं, जगली बया. त्येच घिऊन म्या खडकावर ऱ्हायला गेले.’

मी तिचा तो डावा हात हातात घेतला. हाड तसंच आहे. म्हटलं, ‘सखूबाई, तुमचं लई लई उपकार झालं माज्यावर.’

‘बरं,’ म्हणाली, आणि हात माझ्याच हातात ठेवून बसून राहिली.

तुझी आत्या,
माया